पाचवा डबा

माझ्या वडिलांनी अठरा वर्षं दुपारी स्वतःच्या घरचं जेवण खाल्लं नाही. डबा मात्र रोज घरचाच नेला.

ते अंबडच्या एका कारखान्यात लेथवर काम करत. दुपारी त्यांच्याबरोबर जेवायला आणखी चौघे बसत: मिलिंग मशीनवरचे चाचा, ग्राइंडिंगवरचे सटाण्याकडचे काका आणि टूलरूममधले दोघे. या पाच जणांत एक रीत पडली होती. साडेबाराला पाचही डबे मध्ये ठेवायचे, झाकणं उघडायची आणि प्रत्येकाने स्वतःचा सोडून उरलेल्या चार डब्यांतलं खायचं. ही रीत कुणी सुरू केली असं विचारलं की पाचही जण दुसऱ्याकडे बोट दाखवत. कारण बहुधा साधं असावं. स्वतःच्या घरच्या भाजीला नावं ठेवली तर ती संध्याकाळपर्यंत घरी पोचणार. दुसऱ्याच्या भाजीला मात्र मनसोक्त नावं ठेवता येतात, आणि कुणाला तरी बोलल्याशिवाय त्या मंडळींना घास उतरत नसे.

याचा परिणाम असा की पाच घरांतल्या पाच बायका रोज सकाळी परक्या चार पुरुषांसाठी रांधत होत्या. त्या एकमेकींना भेटल्या नव्हत्या, पण एकमेकींचा हात ओळखून होत्या. संध्याकाळच्या चहाबरोबर वडील आईला निकाल सांगत. सटाण्याच्या घरची आमटी आज खारट होती. चाचांच्या घरून गिलक्याची भाजी आली होती, तशी कुणाला जमत नाही. आई म्हणे, "मग चाचांकडंच जा ना राहायला." वर दुसऱ्या दिवशी ती गिलकीच करी आणि वडिलांना सांगे, "चाचांना विचारा कशी झाली." चाचांच्या डब्यात सोमवारी आणि गुरुवारी मटण कधीच नसे. त्यांच्या बायकोला बाकीच्या चार घरांचे वार पाठ होते.

आता दोघंही नाहीत. आई पुष्कळ आधी गेली, वडील गेल्या वर्षी. हे लिहायला घेऊन बरेच महिने झाले. एक पान होतं, मग आठवडाभर काही होत नाही.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आईला अंडाशयाचा कॅन्सर झाला. ती तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होती. आम्ही इंदिरानगरला एका छोट्या बैठ्या घरात राहत होतो. मी पंचवीस वर्षांची, एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात कामाला होते. ऑपरेशन झालं, आणि दर तीन आठवड्यांनी केमो घ्यायची असं ठरलं. वडिलांनी साठवलेली सगळी रजा एकदम टाकली, पुढे ती बिनपगारी वाढवली. मीही ग्रंथालयातून रजा घेतली. घरात आजारी माणसाचं करणारे आम्ही दोघंच, आणि दोघांनाही त्यातलं काही येत नव्हतं.

मला जे येत होतं ते मी केलं. ग्रंथालयात मिळाली तेवढी पुस्तकं वाचली, डॉक्टरांकडच्या पुस्तिका आणल्या, आणि एका फुलस्केप कागदावर निळ्या शाईने नियम लिहून तो ओट्याच्या वर भिंतीच्या फरशीला चिकटवला. केमोच्या माणसाला वासाने मळमळतं, म्हणून घरात फोडणी करायची नाही. कांदा-लसूण परतायचा नाही. मिरची नाही, उदबत्ती नाही. असे एकूण चौदा नियम होते. अक्षर सुंदर काढलं होतं.

वडिलांचं सगळं आयुष्य ड्रॉइंगवर गेलेलं. कागदावर जे माप असेल तेच काढायचं, कमी नाही की जास्त नाही. त्यांनी माझा कागद एकदा वाचला आणि त्या दिवसापासून आमच्या घरातली फोडणी बंद झाली. ती आईपुरती बंद करून आपण दोघांनी वेगळं खावं, हे त्या कागदावर नव्हतं. म्हणून ते झालं नाही.

त्यात वडिलांनी स्वतःचा एक न लिहिलेला नियम घातला. आईच्या ताटात उरेल तेवढंच ते खात. आई दोन चमचे मऊ भात खाई आणि ताट सरकवी. उरलेले चार चमचे हे वडिलांचं जेवण. मी वेगळं वाढून दिलं तर म्हणत, "हे वाया जाईल ना."

गल्लीनेही आमची काळजी घेतली, फार प्रेमाने घेतली. आमच्याकडे फोडणी चालत नाही हे एका घराला कळलं आणि दोन दिवसांत ते सगळ्या गल्लीत झालं. मग डबे येऊ लागले. प्रत्येक डब्यात मुगाची खिचडी, तिखट नाही, तेल नाही, मीठ बेताचं. आजारी माणूस आणि त्याचं करणारी माणसं यांत आमच्या गल्लीने काही फरक केला नाही. सहा घरांची खिचडी आम्ही आलटून पालटून खाल्ली आणि कुणाला एक शब्द बोललो नाही. एकदा आईच म्हणाली, "ही कुणाची?" मी नाव सांगितलं. ती म्हणाली, "मागची पण हीच होती की."

तिसऱ्या केमोला आम्ही रिक्षाने निघालो. द्वारकेच्या चौकात नेहमीसारखे अडकलो. पुढे ट्रक, मागे बस. डिझेलच्या धुराने आईचा जीव कासावीस झाला, तिने पदर नाकाला लावला. दवाखान्यात पोचलो तेव्हा मी तिला दारापाशी सावरत होते आणि वडील कागदांची पिशवी घेऊन पुढे गेले होते. वॉर्डातली सिस्टर नवीन होती. तिने वडिलांकडे पाहिलं, पलंगावरची चादर सारखी केली आणि म्हणाली, "झोपा बाबा. चप्पल खाली काढा."

वडील म्हणाले, "मी पेशंट नाही."

सिस्टरला ते पटलं नाही. "सगळे तसंच म्हणतात," ती म्हणाली. "झोपा."

आई दारातून हे बघत होती. ती हसायला लागली आणि सलाईन लावेपर्यंत हसतच होती. घरी येताना रिक्षात मात्र ती सारखी वडिलांच्या कमरेकडे बघत होती. संध्याकाळी वडील आंघोळीला गेले तेव्हा तिने मला त्यांचा पट्टा आणायला सांगितला. कातडी पट्टा, नवीन आणला तेव्हा त्याला पाच भोकं होती. आता नऊ होती. चार नवीन भोकं वडिलांनी पंचने पाडली होती, सगळी एका रेषेत, सारख्या अंतरावर. आईने त्यांवरून अंगठा फिरवला.

"मापात आहेत," ती म्हणाली. मग पट्टा बाजूला ठेवून म्हणाली, "हे बघ. माझं काय व्हायचं ते होईल. पण मी इथं पडल्या-पडल्या हा माणूस माझ्यासमोर वाळत चाललाय, ते मी बघणार नाय. हे जेवले नाहीत तर पुढचं सलाईन मी घेणार नाय. डॉक्टरला काय सांगायचं ते तू सांग."

माहेर मळ्यातलं असल्यामुळे रागात ती 'नाय' म्हणे. तेव्हा ती खरंच बोलत आहे हे आम्हाला कळत असे.

सटाण्याचे काका दोन दिवसांनी भेटायला आले. आईने वडिलांना औषध आणायला पाठवलं आणि काकांना सरळ सांगितलं, "भाऊजी, तुमच्या दोस्ताला दुपारी तुमच्यात बसवा."

काका म्हणाले, "वहिनी, तो तुम्हाला सोडीसन येणार नही. त्याला आम्ही ओळखतो ना."

"मला कोण सोडतंय. कुणीतरी बसेल माझ्यापाशी."

काकांनी डोकं खाजवलं. दुसऱ्या दिवशी साडेअकराला त्यांची बायको सिडकोहून रिक्षाने आमच्या दारात उतरली. जाडसर, बुटकी, हातात विणकामाची पिशवी. आत आली, पलंगाशेजारी खुर्ची ओढली आणि वडिलांना म्हणाली, "जा भाऊ तुम्ही. मी शे ना आठे, वैनीपाशी."

वडील हलेनात. ती म्हणाली, "माझ्या मालकांनी सांगेल शे, तुम्ही निघाले नही तर मी जेवणार नही. मला शुगर शे. चक्कर आली तर तुम्हीच उचलशात."

तिच्याकडे बघून वडिलांनी तो विचार केला असावा. ते मोपेड काढून गेले.

रजेवरच्या माणसाला आत सोडत नसत, म्हणून बाकीचे चौघे डबे घेऊन गेटाबाहेर येत. समोर एक चहाची टपरी होती, तिच्यामागे निंबाचं झाड. जेवणाची सुटी अर्ध्या तासाची. दीडला वडील परत आले. आईने विचारलं, "जेवले?"

"जेवलो."

असं सहा दिवस चाललं. सातव्या दिवशी आईने विचारलं, "काय होतं?"

"भाजी होती."

"कुणाची?"

"होती... सगळ्यांची."

 वडील बाहेर गेल्यावर आई मला म्हणाली, "खोटं बोलतायत. अठरा वर्षांत हा माणूस नावं न ठेवता जेवलेला नाय."

दुसऱ्या दिवशी काकूकडून सगळं बाहेर आलं. वडील रोज जात होते, चौघांत बसत होते, कपभर चहा घेत होते आणि परत येत होते. चौघांनी जबरदस्ती केली, शिव्या दिल्या. चाचांनी घास तोंडाशी नेला. वडिलांचं म्हणणं एकच होतं: मी डबा आणलेला नाही. पाच डबे असतात, प्रत्येकाने उरलेल्या चौघांच्या डब्यांतलं खायचं. मी काही न ठेवता तुमच्यातलं कसं खाऊ?

"असला कसला नियम," मी म्हणाले.

आई उशीला टेकून बसली होती. तिला राग आला नव्हता. ती म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं." मग माझ्याकडे वळली. "उद्या डबा कर. काळ्या मसाल्याची वांगी. आणि तो कागद काढ भिंतीवरचा."

मी म्हणाले, "आई, फोडणीच्या वासाने तुला त्रास होईल. त्यात स्पष्ट लिहिलंय."

"कागदाला उलटी होते का? मला होते. मग मला ठरवू दे."

मी कागद काढला. फरशीवर चार कोपऱ्यांत डिंकाचे डाग राहिले, ते नंतर कितीतरी दिवस निघाले नाहीत. तरीही घरात फोडणी करायचं मला धाडस झालं नाही. मी रॉकेलचा स्टोव्ह मागच्या अंगणात नेला. आईच्या पलंगाजवळची खिडकी तिकडेच उघडत होती. मी ती लावायला गेले तर तिने हात धरला. "असू दे. तुला काय येतंय."

खरंच येत नव्हतं. मी पुस्तकं वाचत मोठी झाले होते आणि आईने कधी ओट्यापाशी फार बोलावलं नव्हतं. वारा होता, स्टोव्ह भडकत होता. मी तेल घातलं, मोहरी टाकली.

"तडतडली का?" खिडकीतून आवाज आला.

"हो."

"नाय तडतडली. मी ऐकतेय. थांब जरा."

मी थांबले. मोहरी तडतडली. कांदा घातला, लसूण घातला, आणि तिने सांगितलेला दीड चमचा काळा मसाला. मसाला तेलात पडला आणि वारा फिरला. सगळा धूर खिडकीत गेला. आतून ओकारीचा आवाज आला. मी कढई तशीच टाकून आत धावले. तिने वाटीत उलटी केली होती. मी तिचं तोंड पुसलं, पाणी दिलं. मला रडू येत होतं. ती डोळे मिटून पडली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "करपतंय बघ."

वडिलांनी हे पाहिलं होतं. ते म्हणाले, "हे आजपासून बंद."

आई म्हणाली, "उलटी माझी आहे. डबा तुमचा आहे. मध्ये येऊ नका."

ते डबा घेऊन गेले. दीडला परत आले ते दारातूनच बोलत आले. "काय सांगायचं, सटाण्याच्या घरी भेंडीत आज चिकट असा गोळा..." खुर्चीवर काकू बसली होती हे त्यांना उशिरा दिसलं. काकूने विणकाम खाली ठेवलं. "सांगा ना भाऊ. पुढे सांगा. कसा गोळा?"

वडील मागच्या दाराने अंगणात गेले. आईने तोंडावर पदर घेतला होता.

त्यानंतर एकेक करून बाकीच्या तिघी आल्या. दुपारच्या पाळ्या त्यांनी आपसांत वाटून घेतल्या. चाची पहिल्यांदा आली तो दिवस मला आठवतो. तिने बुरखा काढून खुंटीला लावला, आईकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "तर त्या ठेच्यावाल्या तुम्ही. भाभी, तुमच्या ठेच्यापायी मी किती ऐकून घेतलंय, तुम्हाला कल्पना नाही. आमच्या घरात तुमचं नाव निघालं की मी भांडी आपटायची."

आई म्हणाली, "आणि तुमच्या गिलक्यांनी माझी काय कमी आपटली?"

दोघी एकमेकींकडे बघत बसल्या, बरीच वर्षं मनातल्या मनात भांडलेल्या माणसांनी बघावं तशा. मग चाचीने विचारलं, "ठेच्यात काय घालता तुम्ही?" आई म्हणाली, "आधी गिलक्यांचं सांगा." मला त्या दुपारी चाचीने ग्रंथालयात पिटाळलं. "जा बेटा, दोन तास किताबं वाच जा. आमचं बोलणं तुझ्या कामाचं नाही." मी गेले. वाचनकक्षात पुस्तक उघडून बसले आणि तसंच टेबलावर डोकं ठेवून झोपले. इतकी गाढ झोप मला कित्येक आठवड्यांत लागली नव्हती. त्यानंतर ग्रंथपालबाईंनी त्या कोपऱ्यातल्या टेबलावर दुपारी कुणाला बसू दिलं नाही.

केमोनंतरचे पाच-सहा दिवस मात्र आईला कसलाच वास सहन होत नसे, अंगणातला सुद्धा नाही. त्या दिवसांत काय करायचं याचं उत्तर काकूने काढलं. सकाळी ती आमचा रिकामा डबा, आमच्या बरणीतला मसाला आणि आईने सांगितलेली कृती विणकामाच्या पिशवीत लपवून न्यायची आणि आपल्या घरी भाजी करून डबा तसाच आणून द्यायची. पुरुषांना यातलं काही सांगायचं नाही असं ठरलं. वडिलांना सुद्धा सांगितलं नाही. डबा मी केला असं ते समजत.

अशाच एका दिवशी काकू दुपारी आली ती पदराने डोळे पुसत. मी घाबरले. ती आईच्या पलंगावरच बसली. "वैनी, काल रातले आमचं यांनी मला काय सांगितलं माहीत शे? म्हणे, आज भाऊच्या डब्यात भरीत होतं. आजारी घर, पोरगी रांधते, पण चव बघ. जरा शिक त्यांच्याकडनं. अठरा वरीसात मन्हा भरीतले असं कधी म्हणेल नही."

"आणि केलं कुणी होतं?" आईला माहीत होतं, तरी तिने विचारलं.

"मीच ना."

आई इतकी हसली की पोटाचे टाके धरून वाकली. मला हात करून पाणी मागितलं. काकू पण हसत होती आणि म्हणत होती, "मी सांगणार नही त्यासले. आते तर मुळीच नही."

वडिलांच्या पट्ट्यावर पुढे नवीन भोक पडलं नाही. मग एकदा ते एका भोकाने मागे आले. आईने ते पाहिलं. तिने सगळ्या केमो घेतल्या. मध्ये काही महिने बरे गेले. त्या काळात ती स्वतः अंगणात खुर्ची टाकून बसायची आणि मला शिकवायची. वडील शेजारी बसून भाज्या चिरून देत. बटाट्याच्या फोडी ते इतक्या सारख्या करत की आई म्हणे, "इन्स्पेक्शनला पाठवायच्या आहेत का?"

मग पोटात पुन्हा पाणी झालं. डॉक्टरांनी वडिलांना आणि मला वेगळं बोलावून सांगितलं की आता पुढचं औषध देण्यात अर्थ नाही. आईला आम्ही ते सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. तिची चव गेली, मग वासही गेला. फोडणीचा धूर आता खुशाल आत गेला तरी काही होत नव्हतं. ती फक्त आवाजावरून ओळखे. "झालं," ती आतून म्हणे, "आता उतर."

वडिलांनी गेटावर जाणं थांबवायचं ठरवलं. आईशी या गोष्टीवरून त्यांचं शेवटचं भांडण झालं, म्हणजे ते बोलत होते आणि ती नुसती घड्याळाकडे बघत होती. बारा वाजले की ती हात उचलून दाराकडे दाखवी. इतकंच. आणि ते जात.

अंबडच्या कारखान्यांना शनिवारची सुटी असते. एका शनिवारी साडेबाराला आमच्या फाटकापाशी दोन स्कूटर थांबल्या. चाचा, काका आणि टूलरूमवाले दोघे, चौघेही धुतलेल्या कपड्यांत, हातात डबे. कुणाची कल्पना होती कोण जाणे. ते आत आले, आईला बाहेरूनच नमस्कार केला आणि मागच्या अंगणात तिच्या खिडकीखाली सतरंजी टाकून बसले. मी पाचवा डबा नेऊन ठेवला. आईने मला खुणेने तिला उचलून बसवायला सांगितलं. सकाळीच आलेली चाची आणि मी, दोघींनी तिला उशांना टेकवलं.

अठरा वर्षं जे जेवण ती संध्याकाळच्या चहाबरोबर ऐकत होती, ते तिने पहिल्यांदा समोर ऐकलं. आधी ते पाचही जण अवघडले होते. मग काका म्हणाले, "चाचा, ही डाळ शे का पाणी?"

चाचा म्हणाले, "ज्याला दात नाहीत त्याच्यासाठी बनवली. तुझ्यासाठी."

"भाऊ, तू एकटाच सगळी गिलकी ओढू नको. इकडे सरकव," टूलरूमवाल्यांपैकी एक म्हणाला.

"तू मागच्या मंगळवारी काय केलंस ते आठव," वडील म्हणाले. त्यांच्या तोंडात घास होता.

आई डोळे मिटून ऐकत होती. मध्येच तिने चाचीचा हात दाबला आणि हळू म्हणाली, "खातायत."

ती त्यानंतर नऊ दिवसांनी गेली. दुपारी, एक वाजायच्या थोडं आधी. काकू खुर्चीवर होती आणि मी पायाशी. वडील गेटावर होते. टपरीवरच्या फोनवर निरोप गेला, तेव्हा ते जेवत होते.

घरी आल्यावर ते बराच वेळ तिच्याजवळ बसले. मग काकूला त्यांनी एकच विचारलं, "काही बोलली?"

काकू म्हणाली, "बारा वाजता डोळे उघडले. म्हणाली, गेले का. मी म्हटलं, गेले."

"मग?"

"मग काही नही. झोपली."

वडिलांनी मान हलवली. त्यांनी काकूला दोष दिला नाही, मला नाही, स्वतःला दिला की नाही ते मला कळायला मार्ग नव्हता. पण पुढच्या सगळ्या दिवसांत ते दुपारी जेवले नाहीत. रीतीप्रमाणे चूल बंद होती, चारही घरांतून पिठलं-भाकरी येत होती, सकाळी आणि संध्याकाळी ते दोन घास घेत. दुपारी बारा वाजले की उठून अंगणात जात आणि दीडला परत येत. मी ताट नेलं तर म्हणत, "नको ग. या वेळेला नको."

चौघे भेटायला येत, बसत, जात. जेवणाचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. मला त्याचा राग आला. मी फाटकापाशी चाचांना म्हणाले, "तुम्ही तरी सांगा त्यांना. माझं ऐकत नाहीत." आई ज्यासाठी इतकं भांडली ते सगळं तिच्याबरोबर जात होतं आणि मला ते थांबवता येत नव्हतं.

चाचा म्हणाले, "बेटा, डबे आम्ही पाच जणांचे मांडतो. चार ठेवतो, एक जागा सोडतो. याच्यापुढे आम्हाला काही येत नाही."

दिवस-कार्य झाल्यावर वडील कामावर रुजू होणार होते. आदल्या संध्याकाळी मी विचारलं, "सकाळी डबा काय करू?" ते म्हणाले, "बघू."

सकाळी मला जाग आली ती मोहरीच्या आवाजाने. मी दाराशी जाऊन उभी राहिले. वडील गॅससमोर पाठमोरे उभे होते. खिडकी पूर्ण उघडी होती. ओट्यावर बटाट्याच्या फोडी, सगळ्या एका मापाच्या. त्यांनी हळद घातली, फोडी घातल्या, झाकण ठेवलं. पोळ्या त्यांना येत नव्हत्या, त्या मी नंतर केल्या.  त्यांनी डबा भरला, कापडात बांधला आणि निघाले.

मी त्या दिवशी ग्रंथालयातून परस्पर बाजारात गेले, मग नदीच्या बाजूला उगाच चालत राहिले. घरी यायला सहा वाजले. वडील आलेले होते, स्वयंपाकघरातल्या पाटावर बसले होते. समोर कागद आणि पेन होतं.

"अर्धा किलो बटाट्याला मीठ किती?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "सव्वा चमचा. का?"

"घातलंच नव्हतं." त्यांनी लिहून घेतलं. "सटाण्याने वाटेल ते ऐकवलं. चाचा म्हणाले, आजाऱ्याचं जेवण वाटतं. डब्यात मात्र काही ठेवलं नाही मेल्यांनी. उद्या भेंडी आण म्हणालेत. भेंडीला किती?"

मी भेंडीचं सांगितलं. त्यांनी तेही लिहिलं, खाली रेघ मारली. मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं आईच्या आजारपणापासून त्यांनी माझ्याकडे असं पहिल्यांदाच पाहिलं.

"आणि तू दुपारी काय जेवलीस?"

मी खरं सांगितलं. "नाही जेवले."

"काल?"

मला आठवेना.

ते उठले. सकाळची थोडी भाजी कढईत होती, ती त्यांनी गरम केली. पोळी घेतली, ताट वाढून माझ्यासमोर ठेवलं आणि मिठाची बरणी शेजारी सरकवली. "वरून घे," ते म्हणाले, आणि मी संपवेपर्यंत समोर बसून राहिले.